नामदार गोखले यांचे प्राथमिक शिक्षण विधेयक (१९११) : एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना

आधुनिक भारताच्या शैक्षणिक इतिहासात नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांच्या प्राथमिक शिक्षण विधेयकाचा उल्लेख अपरिहार्यपणे येतो. बहुतेक ग्रंथांतून या विधेयकाची मांडणी ठराविक पद्धतीने केलेली आढळते. १६ मार्च १९११ रोजी गोखले यांनी ते केंद्रीय कायदेमंडळात मांडले, १९ मार्च १९१२ रोजी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले आणि तरीही सक्तीच्या व मोफत शिक्षणाच्या चळवळीचा पाया त्याने घातला, असा हा सर्वपरिचित आलेख होय. त्यात असत्य काही नाही. तथापि, विधेयकाच्या कलमांत नेमके काय होते, कोणाला त्यातून शाळा मिळणार होती व कोणाला मिळणार नव्हती, या प्रश्नाकडे अशा गौरवपर लेखनात पुरेसे लक्ष दिले जात नाही.

प्रस्तुत लेखात विधेयकाची रचना, त्यावरील आक्षेप व गोखले यांनी दिलेली उत्तरे यांची चिकित्सा केली आहे. सर्वांना शिक्षण आणि चांगले शिक्षण या दोन ध्येयांचा परस्परसंबंध गोखले यांनी कसा मानला, हा या चिकित्सेचा मुख्य धागा आहे. गोखले यांची संपूर्ण योजना ‘आधी’ आणि ‘नंतर’ या क्रमाच्या तत्त्वावर उभी होती. त्या काळी हे तत्त्व व्यवहार्य होते. परंतु ज्यांना ‘नंतर’च्या रांगेत उभे करण्यात आले, त्यांना त्याची किंमत दीर्घकाळ मोजावी लागली, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

पार्श्वभूमी

सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी गोखले यांनी प्रथम केली, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी किमान वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी स्पष्ट मागणी केली होती. सरकारी महसूल मुख्यत्वे कष्टकरी रयतेच्या घामातून येतो, मात्र शिक्षणावरील खर्चाचा मोठा लाभ वरच्या वर्गांना मिळतो, हा फुले यांचा आक्षेप होता. शिक्षणाचा प्रश्न त्यांनी न्यायाचा प्रश्न म्हणून मांडला.

दुसरा आधार बडोदे संस्थानाचा होता. सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि तो यशस्वी झाल्यावर १९०६ साली संपूर्ण संस्थानात त्याचा विस्तार केला. या योजनेत मुलींचाही समावेश होता, ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. हिंदी समाज सक्ती स्वीकारणार नाही, या सरकारी युक्तिवादाला बडोद्याच्या अनुभवाने परस्पर उत्तर दिले होते. गोखले यांनी कायदेमंडळात या उदाहरणाचा वारंवार आधार घेतला. बडोद्यात एकूण लोकसंख्येच्या ८.६ टक्के लोक शाळेत शिकत असता ब्रिटिश हिंदुस्थानात हे प्रमाण अवघे १.९ टक्के आहे, ही त्यांनी दिलेली तुलना बोलकी होती.

गोखले यांचा स्वतःचा अनुभवही येथे लक्षात घेतला पाहिजे. न्यू इंग्लिश स्कूल व फर्ग्युसन महाविद्यालय येथे त्यांनी १९०२ पर्यंत अध्यापन केले. त्यांचे अंकगणिताचे पाठ्यपुस्तक अनेक पिढ्यांच्या हाती होते. म्हणजे शिक्षणाच्या दर्जाविषयी उदासीन असलेला हा राजकारणी नव्हता. १९०३-०४ मध्ये लॉर्ड कर्झन यांच्या विद्यापीठविषयक विधेयकाला त्यांनी विरोध केला, तेव्हा दर्जा सुधारण्याची भाषा शिक्षणाचा विस्तार रोखण्यासाठी कशी वापरता येते, याचा त्यांना प्रत्यक्ष परिचय झाला होता. १९११-१२ च्या चर्चेत त्यांनी दर्जाच्या मुद्द्यावर घेतलेल्या कठोर भूमिकेचे मूळ या अनुभवात शोधता येईल.

विधेयकाचे स्वरूप

मार्च १९१० मध्ये गोखले यांनी प्रथम एक ठराव मांडला. देशभर प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे करण्याच्या दिशेने प्रारंभ करावा आणि त्यासाठी सरकारी व बिनसरकारी सभासदांचा संयुक्त आयोग नेमावा, अशी त्याची मागणी होती. सरकारने विचार करण्याचे आश्वासन दिल्याने हा ठराव मागे घेण्यात आला. त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारचे स्वतंत्र शिक्षण खाते निर्माण झाले आणि सर हारकोर्ट बटलर यांच्याकडे ते सोपविण्यात आले. परंतु सक्तीच्या बाबतीत हालचाल न झाल्याने पुढील वर्षी गोखले यांनी विधेयकाचा मार्ग पत्करला.

इंग्लंडमधील १८७० व १८७६ चे आणि आयर्लंडमधील १८९२ चा शिक्षणविषयक कायदा हे या विधेयकाचे नमुने होते. मात्र त्या कायद्यांच्या तुलनेत विधेयक बरेच सौम्य होते. त्याची प्रमुख वैशिष्ट्ये पुढीलप्रमाणे सांगता येतील.

पहिले, विधेयक आज्ञापर नव्हते, अनुमतिपर होते. त्याने सक्ती लागू होणार नव्हती. सक्ती लागू करण्याची मुभा नगरपालिका व जिल्हा लोकल बोर्डे यांना मिळणार होती आणि तीही प्रांतिक सरकारच्या पूर्वसंमतीने. दुसरे, ज्या क्षेत्रात ठराविक टक्के मुले आधीच शाळेत जात असतील, तेथेच ही मुभा वापरता येणार होती. हे प्रमाण सरकारने ठरवावयाचे होते व ते ३३ टक्के असावे, असे गोखले यांनी सुचविले होते. तिसरे, सक्ती ६ ते १० वर्षे वयाच्या मुलग्यांपुरती होती. मुलींचा समावेश पुढे यथावकाश करता येईल, अशी तरतूद होती. चौथे, ज्या पालकांचे मासिक उत्पन्न दहा रुपयांहून अधिक नाही, त्यांच्याकडून फी घेतली जाऊ नये, असे कलम होते. म्हणजे शिक्षण सर्वांना मोफत नव्हते. पाचवे, घरापासून एक मैलाच्या आत शाळा नसेल, मूल आजारी असेल अथवा शेतीच्या हंगामाची निकड असेल, तर सूट देण्यात आली होती. सहावे, हजेरीवर देखरेख करण्यासाठी स्थानिक समित्या नेमावयाच्या होत्या व खर्चासाठी स्थानिक संस्थांना विशेष कर बसविता येणार होता. खर्चाचा दोन तृतीयांश भार सरकारने उचलावा, ही गोखले यांची अपेक्षा होती.

या तरतुदी एकत्र वाचल्या असता एक गोष्ट स्पष्ट होते. विरोधकांच्या संभाव्य आक्षेपांना एकेक करून आधीच वाट मोकळी करून देणारे हे विधेयक होते. सरकारला खर्चाची भीती वाटेल म्हणून स्थानिक कराची सोय, जनतेत असंतोष पसरेल म्हणून स्थानिक संस्थांची ऐच्छिकता, कर्मठ वर्ग दुखावेल म्हणून मुलींचा प्रश्न पुढे ढकललेला. कायदेमंडळात सरकारी सभासदांचे बहुमत होते. अशा सभागृहात बिनसरकारी सभासदाने याहून धाडसी विधेयक आणले असते, तर त्यावर चर्चा तरी झाली असती काय, हा प्रश्न गोखले यांच्या टीकाकारांनी विचारात घेणे आवश्यक आहे.

आक्षेप आणि गोखले यांची उत्तरे

विधेयक जनमतार्थ प्रसृत करण्यात आले आणि १८ मार्च १९१२ रोजी ते सिलेक्ट कमिटीकडे सोपविण्याचा प्रस्ताव गोखले यांनी मांडला. महंमद अली जिना, पंडित मदनमोहन मालवीय यांच्यासारख्या सभासदांनी त्यांना पाठिंबा दिला. विरोधात सरकारी सभासदांबरोबर जमीनदार वर्गाचे काही प्रतिनिधीही होते. दोन दिवसांच्या चर्चेतील आक्षेपांचे तीन गट करता येतात.

पहिला गट लोकमताचा होता. जनतेकडून सक्तीची मागणी नाही, स्थानिक संस्था तयार नाहीत आणि कर लादल्यास असंतोष वाढेल, असे सांगण्यात आले. यावर गोखले यांचे उत्तर सरळ होते. विधेयक ऐच्छिक आहे. जेथे मागणी नसेल, तेथे ते लागू होणारच नाही. मग ज्यांना हवे आहे, त्यांना अडविण्याचे कारण काय? या उत्तरातील तर्कशुद्धता मान्य करावी लागते.

दुसरा गट पैशाचा होता. येथे गोखले यांनी केलेले प्रतिपादन त्यांच्या निष्ठेची खरी कसोटी ठरते. आयात जकात वाढवून निधी उभारता येईल, असे त्यांनी दाखविले. एवढेच नव्हे, तर प्रसंगी मिठावरील कर मणामागे आठ आण्यांनी वाढविण्यासही आपली तयारी असल्याचे सांगितले. मिठावरील कर कमी व्हावा म्हणून ज्या गोखले यांनी अर्थसंकल्पावरील भाषणांतून वर्षानुवर्षे लढा दिला, त्यांनी ही तयारी दाखवावी, यातच शिक्षणाला त्यांनी दिलेले स्थान दिसून येते. मीठ थोडे महाग होण्यापेक्षा अज्ञानात खितपत पडणे ही मोठी आपत्ती आहे, हा त्यामागील विचार होता. मात्र येथेच फुले यांच्या भूमिकेशी असलेले अंतरही जाणवते. गरिबाच्या शिक्षणाचा खर्च गरिबाच्याच मिठातून काढावा लागणे, हा वसाहतवादी अर्थव्यवस्थेने निर्माण केलेला पेच होता आणि गोखले यांनी त्या पेचाच्या चौकटीतच उत्तर शोधले.

तिसरा गट दर्जाचा होता व तोच सर्वांत महत्त्वाचा मानला पाहिजे. प्रशिक्षित शिक्षक नाहीत, इमारती नाहीत, आहेत त्या शाळांची अवस्था शोचनीय आहे. अशा स्थितीत संख्या वाढविण्यापेक्षा असलेल्या शाळा सुधाराव्यात, असा युक्तिवाद सरकारपक्षाने केला. वरकरणी हा युक्तिवाद शिक्षणाच्या हिताचा दिसतो. गोखले यांनी त्याला दिलेल्या उत्तराचा आशय असा की, लोकशिक्षणाचा पहिला हेतू देशातून निरक्षरता हद्दपार करणे हा आहे. शिक्षणाच्या दर्जाचा प्रश्न महत्त्वाचा खरा, परंतु तो निरक्षरता गेल्यानंतरचा.

या उत्तराचे मूल्यमापन दोन पातळ्यांवर करावे लागते. वादातील प्रत्युत्तर म्हणून ते अचूक होते. ज्याच्या गावात शाळाच नाही, त्याला शाळेच्या दर्जाची काळजी सांगणे हे नकाराचेच सभ्य रूप होय. दर्जा वाढेपर्यंत विस्तार थांबवावा, असे म्हणणाऱ्या सरकारने दर्जा वाढविण्यासाठीही पुरेसा पैसा दिला नव्हता, हे गोखले जाणून होते. परंतु शैक्षणिक तत्त्व म्हणून हे उत्तर अपुरे ठरते. चार वर्षे शाळेत बसूनही मूल वाचावयास शिकले नाही, तर निरक्षरता जात नाही. केवळ हजेरीपट भरतो. शिवाय दहाव्या वर्षी शाळा सुटल्यावर मिळविलेली अक्षरओळख टिकविण्यासाठीही शिक्षणात काही किमान गुणवत्ता असावी लागते. म्हणजे गोखले ज्या ध्येयाला पहिले स्थान देत होते, ते ध्येयच दर्जावाचून साध्य होणारे नव्हते.

विधेयकाच्या अंगभूत मर्यादा

‘आधी अक्षर, नंतर दर्जा’ या क्रमाप्रमाणेच विधेयकात आणखी दोन क्रम दडलेले होते, याकडे अभ्यासकांचे सहसा लक्ष जात नाही.

त्यांपैकी एक म्हणजे ‘आधी पुढारलेले क्षेत्र, नंतर मागासलेले’ हा क्रम. किमान ३३ टक्के मुलगे शाळेत असल्याखेरीज सक्ती लागू करता येणार नाही, या अटीमागे व्यवहार होता. जेथे मुळातच शाळा नाहीत, तेथे सक्तीचा कायदा निरर्थक ठरतो, हे खरे. पण या अटीचा परिणाम असा की, जेथे शाळांची सर्वाधिक निकड होती, तेच प्रदेश कायद्याच्या कक्षेबाहेर राहणार होते. त्यातच निर्णयाचा अधिकार स्थानिक संस्थांकडे होता. त्या काळच्या नगरपालिका व लोकल बोर्डे यांचा मतदारवर्ग मर्यादित होता आणि त्यांवर उच्चवर्णीय व संपन्न वर्गांचे वर्चस्व होते. आपल्या शेतावर वा घरी राबणारी मुले शाळेत पाठविण्यासाठी स्वतःवर कर बसवून घेण्याचा उत्साह या वर्गाकडून अपेक्षिणे कितपत वास्तव होते?

अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांचा प्रश्न तर विधेयकाने स्वतंत्रपणे विचारातच घेतला नाही. १९०३ साली धारवाड येथील सामाजिक परिषदेत अस्पृश्यतेविरुद्ध प्रखर भाषण करणाऱ्या गोखले यांच्याकडून हे घडावे, याची नोंद घेणे भाग आहे. शाळेत नाव घालण्याची सक्ती करणारा कायदा, शाळेच्या आत मुलाने कोठे बसावे याविषयी मौन बाळगत होता. सार्वजनिक निधीतून चालणाऱ्या शाळा व पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत, असा रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात संमत होण्यास १९२३ साल उजाडावे लागले.

दुसरा क्रम ‘आधी मुलगे, नंतर मुली’ असा होता. त्याचे समर्थन तत्कालीन परिस्थितीचे कारण देऊन केले जाते. परंतु पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा १८४८ मध्ये काढली होती आणि बडोद्यात मुलींसाठी सक्ती प्रत्यक्ष अमलात होती. बडोद्याचे उदाहरण देताना त्यातील हा भाग मागे ठेवणे ही अपरिहार्यता नव्हती, ती एक निवड होती.

विधेयकानंतर

विधेयक फेटाळले जाणार, हे गोखले यांना ठाऊक होते. आपल्या पिढीला आपल्या अपयशांतूनच देशाची सेवा करावी लागणार आहे, अशा आशयाचे त्यांचे समारोपाचे उद्गार प्रसिद्धच आहेत. २१ फेब्रुवारी १९१३ च्या शिक्षणविषयक ठरावात सरकारने सक्तीचे तत्त्व नाकारले. मात्र निरक्षरता दूर करण्याचे धोरण मान्य केले. १९१५ साली गोखले निवर्तले.

विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने १९१८ साली मुंबई इलाख्यात प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला, तेव्हा गोखले यांच्या विधेयकाचा आराखडा विजयी ठरला, असे म्हणता येईल. परंतु आराखड्याबरोबर त्याच्या मर्यादाही वारशाने आल्या. हा कायदा नगरपालिका क्षेत्रांपुरता व ऐच्छिक होता. त्यामुळे १९२० साली पुण्यात सक्ती आधी मुलग्यांसाठी की मुलामुलींसाठी एकाच वेळी, असा तीव्र वाद उभा राहिला. पैसा अपुरा आहे, म्हणून आधी मुलगे, असा एका पक्षाचा युक्तिवाद होता. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे, रमाबाई रानडे आदींनी मुलींच्या समावेशाचा आग्रह धरला. विधेयकातील ‘नंतर’ हा शब्द नऊ वर्षांनी पुण्याच्या रस्त्यावर आला तो असा.

याच्या उलट चित्र कोल्हापुरात दिसते. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला आणि मूल शाळेत न पाठविणाऱ्या पालकांना दरमहा एक रुपया दंड ठेवला. शाहू महाराज संस्थानाधिपती होते, गोखले अल्पमतातील सभासद होते, हा फरक विसरता येत नाही. तरीही शिक्षणाचा प्रारंभ मागासलेल्यांपासून करावयाचा की पुढारलेल्यांपासून, या प्रश्नाला दोघांनी दिलेली उत्तरे भिन्न होती.

‘नंतर’ या शब्दाची किंमत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आकड्यांत मांडली. १९२७ साली मुंबई कायदेमंडळातील भाषणात त्यांनी दाखवून दिले की, चालू गतीने शाळेच्या वयाचे सर्व मुलगे शिक्षणाच्या कक्षेत येण्यास ४० वर्षे आणि सर्व मुली येण्यास ३०० वर्षे लागतील. क्रमाक्रमाने विस्तार करण्याच्या धोरणावर याहून नेमके भाष्य क्वचितच झाले असेल.

राज्यघटनेच्या अनुच्छेद ४५ ने १९५० पासून दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचे उद्दिष्ट ठेवले. ते मुदतीत साध्य झाले नाही. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा मूलभूत हक्क झाला आणि २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. या कायद्यात प्राथमिक स्तरावर तीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक, पात्रताधारक शिक्षक, किमान भौतिक सुविधा यांसारखे निकष हक्काचाच भाग म्हणून आले. म्हणजे दर्जा हा विस्तारानंतरचा टप्पा नसून विस्ताराचेच अंग आहे, ही दुरुस्ती कायद्याच्या पातळीवर जवळपास शंभर वर्षांनी झाली. प्रत्यक्षात मात्र ‘असर’ अहवालांनुसार ग्रामीण भारतातील पाचवीच्या सुमारे निम्म्या मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत नाही. मूल शाळेत आले, शिकणे अद्याप आलेले नाही.

दुसऱ्या बाजूने १९१२ चा सरकारी युक्तिवादही संपलेला नाही. २०२३ मध्ये महाराष्ट्रात वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळांचे समूह शाळांमध्ये एकत्रीकरण करण्याचे प्रस्ताव मागविण्यात आले, तेव्हा चांगल्या सुविधा व दर्जेदार शिक्षण हेच कारण पुढे करण्यात आले. लहान शाळांतील अडचणी खऱ्या आहेत. पण वाडी-पाड्यावरील सहा-सात वर्षांच्या मुलासाठी, विशेषतः मुलीसाठी, शाळा दूर जाणे म्हणजे अनेकदा शाळा बंद होणे होय. दर्जाच्या नावाने पोहोच कमी होत असेल, तर गोखले यांचे उत्तर आजही जसेच्या तसे लागू पडते.

समारोप

गोखले यांच्या विधेयकाचे मूल्यमापन करताना केवळ गौरव वा केवळ दोषदर्शन या दोन्ही भूमिका अपुऱ्या ठरतात. शिक्षण ही सरकारची मेहेरबानी नसून राज्याचे कर्तव्य आहे, हा विचार त्यांनी साम्राज्याच्या कायदेमंडळाच्या नोंदीत आणला आणि दर्जाच्या आडून दिलेला नकार उघडा पाडला, हे त्यांचे ऐतिहासिक कार्य होय. मात्र विरोधकांना राजी करण्यासाठी त्यांनी मुली, मागास प्रदेश आणि गुणवत्ता या तिन्ही गोष्टी पुढे ढकलल्या. एवढ्या सवलती देऊनही विधेयकाला १३ मतेच मिळाली. सवलतींनी विजय मिळाला नाही, परंतु त्यांचा साचा पुढील कायद्यांत उतरला.

यातून निघणारा निष्कर्ष आजच्या धोरणकर्त्यांसाठीही महत्त्वाचा आहे. दर्जा नाही म्हणून शाळा नाकारणे जितके अन्यायकारक, तितकेच शाळा दिली म्हणून दर्जाची मागणी पुढे ढकलणेही अन्यायकारक आहे. फुले यांनी मागितलेला न्याय आणि गोखले यांनी मागितलेला प्रारंभ यांत पडलेले अंतर कायद्याने पुष्कळसे कमी केले आहे; वर्गखोलीत ते अजून भरून निघावयाचे आहे.